ताप उतरला तरी लक्ष ठेवा

साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होते, लगेच दवाखाना गाठायची गरज नाही, हे आजारपणात डॉक्टरकडे कधी जायचं यावरच्या तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं. पण तान्ह्या बाळांचा उल्लेख हवा होता. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर सकाळची वाट बघूच नका, त्याच वेळी न्या. मोठ्या मुलांत आकड्यापेक्षा मूल कसं दिसतंय ते पाहा. शर्ट वर करून श्वास बघा: दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर ताबडतोब डॉक्टर. जुलाबात तोंड कोरडं, डोळे खोल गेलेले, रडताना पाणी नाही, कित्येक तास लघवी नाही, तेव्हाही तसंच.

मोठ्यांचा दोन आठवड्यांवर गेलेला खोकलाही तपासून घ्यायलाच हवा, क्षयरोग असाच लपून राहतो.

आणि कळकळीने सांगते, ताप उतरला म्हणजे सुटलो असं समजू नका. डेंग्यूत धोका बऱ्याचदा ताप उतरतानाच सुरू होतो. पोटात जोरात दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालयात जा.