वैऱ्याच्या चादरी

बी.एस्सी.पर्यंत व्याख्या म्हणजे हक्काचे दोन मार्क. घोकायची, उतरवायची, गणिताला लागायचं. एम.एस्सी.ला टोपॉलॉजी आली, म्हणजे आकार ताणला-वाकवला तरी टिकणाऱ्या गुणांचं गणित, आणि कळलं, आता व्याख्या हेच गणित. आख्ख्या पेपरात ओळखीचे आकडे दोनच, शून्य आणि एक. तेही प्रश्नक्रमांक सोडून.

सरांनी फळ्यावर लिहिलं: ज्या संचाच्या प्रत्येक ओपन कव्हरमधले मर्यादित संख्येचेच ओपन सेट तो संच झाकायला पुरतात, तो कॉम्पॅक्ट. ओपन सेट म्हणजे ज्यातल्या प्रत्येक बिंदूच्या आजूबाजूचं थोडंही त्यातच येतं तो; संच पुरता झाकणारा अशा सेटांचा ढीग म्हणजे ओपन कव्हर. वर्गाने मान डोलावली. वर्ग कशालाही डोलावतो.

"सोपंय बे," रूमपार्टनर म्हणाला. "ओपन सेट म्हणजे चादरी. चार-पाच चादरींत झाकला, झाला कॉम्पॅक्ट." बाहेर पारा 43 वर, लाइट गेलेली, आणि हा चादरी पसरतोय. पण सोलापूरच्या पोराला दुसरं काय सुचणार?

दुसऱ्या दिवशी त्याने हेच सरांना ऐकवलं. सर म्हणाले, "मग आख्खी संख्यारेषा हीच एक चादर घे. तीही ओपनच. तिच्याखाली काय मावणार नाही? चादरी तू आणायच्याच नाहीत. वैरी आणणार, त्याला हव्या तशा. तू फक्त त्यातल्या निवडायच्या."

त्या रात्रीपासून पार्टनर वैरी झाला. शून्य आणि एकच्या मधला संच मला दिला, टोकं वगळून. चादरी आणल्या त्या अशा: पहिली 1/2 पासून एकपर्यंत, दुसरी 1/3 पासून, तिसरी 1/4 पासून... संपेचनात. सगळ्या मिळून संच झाकतात. पण मी त्यातल्या हजार उचलल्या, लाख उचलल्या, तरी शून्याकडे पाय उघडेच! टोकं संचात धरली की मात्र शून्यावरही चादर घालणं वैऱ्याला भाग पडतं, आणि ओपन असल्याने ती थोडी पुढेही पसरते. पाय झाकले गेले, डाव फसला.

'कॉम्पॅक्ट' हा शब्द फ्रेशे या फ्रेंच गणितज्ञाच्या 1906 च्या प्रबंधात आहे, पण तिथली व्याख्या निराळी. चादरींची व्याख्या पुढे आणली अलेक्झांड्रॉव्ह आणि उरीसोन या रशियन गणितज्ञांनी, 1920 च्या दशकात. एवढ्या मोठ्या माणसांना इतकी वर्षं, आणि आमची इंटरनल शुक्रवारी.

पूर्णांकांच्या संचाला वैऱ्याने प्रत्येकी एक छोटी चादर दिली. एक काढली की एक जण उघडा. तिथेही मी हरलो. जिंकलो ते रिक्त संचावर. वैरी काहीही आणो, आपण एकही चादर उचलायची नाही. पार्टनर म्हणतो, पेपरात तेवढाच विचारला तर दोघंही पास.