दादा, कपाट तेवढं आवळून घे

परवा माहेरच्या ग्रुपवर दादानं पाटणच्या नव्या घराचे फोटो टाकले, पीओपी काय, लाईटी काय, सगळं झकास, पण आईच्या पलंगाच्या उशाशीच लोखंडी कपाट आणि त्याच्यावर दोन बॅगा अन् पितळेची घागर. मी एवढंच लिहिलं की भूकंपात आईच्या अंगावर येईल, कपाट भिंतीला आवळून घे, चार स्क्रूचं काम आहे. झालं! तात्या म्हणाले, "कोयनेचं हालणं आम्हाला रोजचंच आहे, तू जपानात बसून शिकवू नको." दादानं त्याला अंगठा दिला.

तो अंगठा डोक्यातनं जात नाही. रोजचं म्हणून काय झालं? 11 डिसेंबर 1967 ला पहाटे चारच्या पुढं लोक गाढ झोपेत असतानाच कोयनानगरला भूकंपात दगडमातीच्या भिंती अंगावर आल्या, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आमची आजी सांगायची, घर उभं होतं पण मांडणी दारातच आडवी झालेली, अंधारात ताटंवाट्यांच्या ढिगावरनं रांगत ती बाहेर आली, हाताला टोप लागला तर पोराचं डोकं वाटलं. हे तात्यांनीही ऐकलंय, माझ्या शेजारी बसून.

इथं कावासाकीत कपाट आणि छताच्या मधे दांडे ठोकलेत, पलंगाखाली बूट, दाराशी अडीअडचणीची पिशवी, माणशी रोजचं तीन लिटर असं तीन दिवसांचं पाणी. मोठा धक्का बसला तर गॅसचा मीटर आपला आपण बंद होतो. लेकीच्या शाळेत खुर्चीला बोसाइ-झुकिन असतं, म्हणजे भूकंपात डोक्यावर घ्यायची जाड टोपी, सप्टेंबर लागला की सरावाला सगळी पोरं बाकाखाली. यात कुणाला अपशकुन वाटत नाही.

तात्यांनी मग जपानमधल्या नोटोच्या भूकंपाचे फोटो टाकले, "तुमच्या जपानात 2024 ला घरं पडलीच की." पडली ना, जुनी लाकडी घरं पडली आणि माणसं त्याखालीच सापडली, मी तेच तर सांगतेय! आणि पैशाचं म्हणाल तर पीओपीला पैसे होते, क्लॅम्पला नाहीत?

खरं सांगू, मला राग तात्यांचा कमी आलाय. इथं पिशवीत एक कार्ड ठेवतात, कुणाला कळवायचं ते लिहून. मी दादाचा नंबर लिहिला होता. शेजारच्या बाई म्हणाल्या, तासाभरात पोचेल असं माणूस लिही. मग त्यांचाच लिहिला. दादाचा खोडताना हात जड झाला होता. तिकडं काय झालं तर तासाभरात पोचणाऱ्यांत मीही नाही.

त्याच पिशवीत नवऱ्याच्या, लेकीच्या औषधांची चिठ्ठी आहे. आईच्या बीपीच्या गोळीचं नाव मात्र मला वहिनीला विचारावं लागलं, तिनं दोन मिनिटांत पाकिटाचा फोटो पाठवला. तो प्रिंट काढून आमच्याच पिशवीत ठेवलाय. इथं त्याचा काही उपयोग नाही, पण ठेवलाय.