क्लोज राउंड चॅम्पियनचा, असा नियम कुठेही नाहीये

गेल्या दोन आठवड्यांत एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आलाय. शेवटचा आला आमच्या खडकीच्या बॉक्सिंग क्लबातल्या जुन्या पोरांच्या ग्रुपवर, आणि पाठवला अशा दादांनी ज्यांनी मला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारायला शिकवलं, त्यामुळे नुसतं दुर्लक्ष करून चालणार नव्हतं. मेसेज थोडक्यात असा: "टायटल मॅचमध्ये राउंड क्लोज असेल तर तो चॅम्पियनचाच, चॅलेंजरला बेल्ट हवा तर त्याने तो हिसकावून घ्यायचा. जो पुढे चालून येतो तो जिंकतो, मागे पळणाऱ्याला कसले पॉइंट. वाद नको तर ठोसे मोजा, ज्याचे जास्त तो विनर. तीन जजचे आकडे वेगळे आले की समजायचं सेटिंग आहे. आणि ज्याने समोरच्याला पाडलं तो हरूच शकत नाही." खाली परत "खरं बॉक्सिंग कळणाऱ्यांनीच फॉरवर्ड करा".

दादा, तुमच्याबद्दल आदर आहे तो आहेच, पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं बरोबर नाहीये, आणि पहिलं तर पोरांच्या डोक्यात एकदा बसलं की निघत नाही म्हणून त्याच्यापासूनच सुरू करतो.

"क्लोज राउंड चॅम्पियनचा." प्रोफेशनल बॉक्सिंगमध्ये टेन पॉइंट मस्ट पद्धत असते, म्हणजे प्रत्येक राउंडला जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, एकदा खाली पडला तर साधारण ८. बऱ्याच ठिकाणी राउंड संपला की रेफ्री तिन्ही जजकडून चिठ्ठी गोळा करतो, त्यामुळे जजला पाचव्या राउंडचा निकाल नवव्यात बसून बदलता येत नाही. प्रत्येक तीन मिनिटं म्हणजे एक नवी मॅच, मागची पाटी कोरी. आणि जजने बघायचं काय तर चार गोष्टी, स्वच्छ आणि लागलेले ठोसे, कामाला आलेला आक्रमकपणा, रिंगवर ताबा कोणाचा होता, आणि बचाव. या चारात बेल्ट कुठे आहे? आपल्याकडे मागच्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी गदा खांद्यावर घेऊन कुस्ती खेळतो का, खाली ठेवूनच खेळतो ना, मग इथे वेगळं कशाला.

हिशोब करून बघा म्हणजे या समजुतीचा अन्याय किती मोठा आहे ते कळेल. १२ राउंडची मॅच, त्यात पाच राउंड असे की कोणीही कुणालाही देईल. मेसेजच्या नियमाने हे पाचही चॅम्पियनच्या खिशात, म्हणजे उरलेल्या सातातले त्याने फक्त दोन जिंकले की ७-५, ११५-११३, बेल्ट घरी. चॅलेंजरने बिचाऱ्याने पाच राउंड स्पष्ट जिंकूनही तो हरला! आणि चॅम्पियनला एक फायदा नियमाने मिळतोच की, मॅच बरोबरीत सुटली तर बेल्ट त्याच्याकडेच राहतो. तो फायदा शेवटच्या बेरजेनंतर मिळतो, एकदाच. तोच फायदा परत प्रत्येक राउंडमध्ये वाटायचा म्हणजे एकाच बिलावर दोनदा पैसे घेतल्यासारखं झालं.

असा नियम खरंच असता तर ६ एप्रिल १९८७ ला मार्व्हिन हॅगलर हरलाच नसता. चॅम्पियन तो, पुढे चालून येणारा तो, आणि समोर शुगर रे लेनर्ड जो त्याआधी जवळजवळ तीन वर्षं रिंगमध्ये उतरला नव्हता. हॅगलर एरवी डावखुऱ्यासारखा उभा राहून लढायचा, पण सुरुवातीचे राउंड तो उजव्या स्टान्समध्ये लढला आणि ते राउंड त्याने अक्षरशः देऊन टाकले. लेनर्ड राउंडच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात ठोशांचा सपाटा लावायचा. एका जजने हॅगलरला ११५-११३ दिलं, एकाने लेनर्डला ११५-११३, तिसऱ्याने लेनर्डला चक्क ११८-११०. तो तिसरा आकडा मला आजही पटत नाही, ती मॅच एवढी एकतर्फी नव्हतीच. पण लेनर्ड जिंकला हे मी मान्य करतो, कारण ते सुरुवातीचे राउंड त्याचे होते आणि हॅगलरच्या कमरेला बेल्ट होता म्हणून ते हॅगलरचे होत नाहीत.

आता दुसरं, "पुढे येतो तो जिंकतो". नियमात शब्द नुसता आक्रमकपणा असा नाहीये, कामाला आलेला आक्रमकपणा असा आहे, आणि सगळा फरक त्या दोन शब्दांत आहे. पुढे येताना तुम्ही चार खाताय आणि एक देताय तर तुम्ही पुढे येत नाही आहात, तुम्हाला बोलावलं जातंय. १९९३ ला सॅन अँटोनिओमध्ये हुलिओ सेझार चावेझ, तोवर ८७ मॅचमध्ये एकही हार नाही, पर्नेल व्हिटेकरच्या मागे १२ राउंड चालला आणि व्हिटेकर त्याला मारून बाजूला होत राहिला. दोन जजनी ११५-११५ दिलं, एकाने व्हिटेकरला ११५-११३, निकाल बरोबरी. ती मॅच मी कितीतरी वेळा पाहिलीये आणि मला ती एकदाही बरोबरीची वाटली नाही. पुढे चालण्याला फुकटचे मार्क दिले की असं होतं. आमच्याकडे नवीन पोरगं आलं की पहिल्या महिन्यात हेच करतं, मान खाली घालून सरळ चालत जातं, आणि घरचे बघायला आलेले असतील तर टाळ्याही त्यालाच पडतात.

तिसरा मुद्दा ठोसे मोजण्याचा, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण हा ऐकायला एकदम न्याय्य वाटतो. टीव्हीवर जे आकडे येतात ते मशीन मोजत नाही, रिंगजवळ बसलेली माणसं बटणं दाबतात, एकाने एक बॉक्सर बघायचा आणि दुसऱ्याने दुसरा. म्हणजे डोळा माणसाचाच. आणि अधिकृत निकालात त्या आकड्यांना काही स्थान नाही. तरी आकडे निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. १३ मार्च १९९९ ला लेनॉक्स लुईस आणि इव्हॅन्डर होलिफिल्डची मॅच बरोबरीत सोडली तेव्हा लुईसचे लागलेले ठोसे ३४८ होते आणि होलिफिल्डचे १३०. डोळ्यांनी जे दिसलं तेच आकड्यांनी सांगितलं, की काहीतरी भयंकर चुकलंय. २०१२ मध्ये पॅकियाओ-ब्रॅडलीला पण तसंच, २५३ विरुद्ध १५९ आणि जिंकला ब्रॅडली. नंतर डब्ल्यूबीओ या बॉक्सिंग संघटनेने पाच जजना व्हिडिओ दाखवून परत स्कोअर करायला लावलं तर पाचही जणांनी पॅकियाओला दिली, पण निकाल काही बदलला नाही.

पण टोटलवर निकाल लावायचा म्हटलं तर काय होतं बघा. समजा एकाने पाच राउंडमध्ये प्रत्येकी ३० ठोसे मारले आणि १० खाल्ले, आणि उरलेल्या सात राउंडमध्ये १४ मारले, १६ खाल्ले. बेरीज त्याची २४८, समोरच्याची १६२. आणि सगळे ठोसे सारखेच धरले तर कार्डावर, म्हणजे जजच्या गुणपत्रिकेवर, तो ७-५ ने हरलाय, आणि बरोबर हरलाय, कारण समोरच्याने सात वेळा तीन मिनिटांची लढाई जिंकली. त्यात परत सगळे ठोसे सारखे नसतातच, ग्लोव्हजला घासून गेलेला जॅब आणि बरगडीखाली बसलेला हुक यांना एकच बटण कसं?

आणि हा प्रयोग होऊन गेलाय. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये रॉय जोन्सने ८६ ठोसे लावले, कोरियाच्या पार्क सी-हुनने ३२, आणि गोल्ड पार्कला ३-२ ने. त्या धक्क्यानंतर ऑलिम्पिकमध्ये कॉम्प्युटर आला, १९९२ ते २०१२. पाच जज, हातात बटणं, एका सेकंदाच्या आत तिघांनी दाबलं तरच पॉइंट. विजेंदरचं बीजिंगचं ब्राँझ आणि मेरी कोमचं लंडनचं ब्राँझ याच पद्धतीत आलं. पण जवळून मारलेले ठोसे, पोटातले ठोसे, जलद कॉम्बिनेशन, यात तिघांचं बटण एका सेकंदात जुळायचंच नाही. म्हणून पोरं लांबून एकेक टच मारून मागे जायला शिकली, आम्हाला पण तेच शिकवलं गेलं, बॉडीला मारू नको रे पॉइंट मिळत नाही. शेवटी २०१३ मध्ये तेही बंद करून सगळे दहा पॉइंटवर आले.

"आकडे वेगळे म्हणजे सेटिंग." इथे मला एक गोष्ट सांगायचीच आहे. काही वर्षांपूर्वी एका क्लबच्या स्पर्धेत मला जज म्हणून बसवलं होतं. दुसरा राउंड, लाल कोपऱ्यातलं पोरगं दोरीला पाठ लावून उभं, निळं त्याच्यावर तुटून पडलंय, निळ्याची पाठ माझ्याकडे. मला दिसतायत फक्त त्याचे खांदे आणि कोपर, आणि प्रत्येक ठोशाला पब्लिकचा आवाज. मी राउंड निळ्याला दिला, एक क्षणही विचार केला नाही. समोर बसलेल्या जजने लालला दिला. रात्री कोणाच्या तरी पालकांनी पलीकडून काढलेला व्हिडिओ पाहिला तर सात-आठ ठोसे सगळे लालच्या ग्लोव्हजवर आणि कोपरावर, आणि मधून लालचा एक छोटा अपरकट, निळ्याची मान मागे गेलेली स्पष्ट दिसत होती. माझ्या बाजूने तो दिसणं शक्यच नव्हतं. मी पैसे घेतले नव्हते, पक्षपात केला नव्हता, मी फक्त चुकीच्या बाजूला बसलो होतो आणि डोळ्यांऐवजी कानांनी मार्क दिले. तीन जज रिंगच्या तीन बाजूंना बसवतात ते याचसाठी.

जानेवारी २०२३ मध्ये आपल्या कोथरूडला महाराष्ट्र केसरी झाली तेव्हा सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाडच्या कुस्तीत त्या टांग डावाच्या चार गुणांवरून काय रान उठलं होतं आठवतंय ना. अख्खा महाराष्ट्र तीच क्लिप मागे-पुढे करत होता आणि पंचाला फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसात गेली. चूक झाली का नाही यावर बोला, फ्रेम थांबवून बोला, पण प्रत्येक वेळी माणूस विकला गेला म्हणून सुरुवात केली की नेमकी चूक कुठे झाली ते शोधायचं राहून जातं.

उदाहरण देतो. १६ सप्टेंबर २०१७, कॅनेलो आणि गोलोव्किन, पहिली मॅच. आपल्याकडे रविवार सकाळ होती. अॅडलेड बर्ड नावाच्या जजने कॅनेलोला ११८-११० दिलं, गोलोव्किनला फक्त चौथा आणि सातवा राउंड, आणि जगभर शिव्या तिला पडल्या. कार्ड वाईटच होतं, त्यात वाद नाही. पण निकाल त्या कार्डाने फिरला नाही! डेव्ह मोरेटीने गोलोव्किनला ११५-११३ दिलं होतं आणि डॉन ट्रेलाने ११४-११४. आणि ट्रेलाने सातवा राउंड कॅनेलोला दिला होता, जो बर्डनेसुद्धा गोलोव्किनला दिला होता. तो एक राउंड इकडे आला असता तर ट्रेलाचं कार्ड ११५-११३ होऊन गोलोव्किन मॅच जिंकला असता. सगळे ११८ च्या मागे लागले आणि ११४-११४ हा समजूतदार आकडा म्हणून सुटला. माझं म्हणणं एवढंच की जजला मॅचनंतर राउंडनुसार उत्तर द्यायला लावा, सातवा का दिला ते व्हिडिओ लावून सांग म्हणा. आणि तीनच्या जागी पाच जज बसवले तर एकाची चूक एवढी महाग पडणार नाही.

एकमताचा निकाल म्हणजे एकतर्फी मॅच असंही लोकांना वाटतं, तेही नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये वरळीला विजेंदरने झुल्पिकार मैमैतियालीला एकमताने हरवलं, कार्ड ९६-९३, ९५-९४, ९५-९४. दोन जजकडे एका पॉइंटचा फरक.

राहिलं "पाडलं तो हरत नाही". पाडल्याचा राउंडमध्ये साधारण एक पॉइंट जास्त मिळतो, बस. डिसेंबर २०१८ मध्ये डिओंटे वाइल्डरने टायसन फ्युरीला नवव्या आणि बाराव्या राउंडमध्ये पाडलं आणि मॅच बरोबरीत सुटली, ११५-१११ वाइल्डर, ११४-११२ फ्युरी, ११३-११३. कारण बाकीच्या दहा राउंडमधले बरेचसे फ्युरीचे होते. पण तो एक पॉइंट छोटा आहे असंही समजू नका. मे २०२४ मध्ये रियाधला उसिकने फ्युरीला नवव्यात असं झोडपलं की तो दोरीच्या आधारानेच उभा राहिला आणि रेफ्रीने काउंट दिला, म्हणजे तो पडलाच असं धरून आकडे मोजले. कार्ड आली ११५-११२ आणि ११४-११३ उसिकला, ११४-११३ फ्युरीला. तो काउंट दिला नसता तर एक कार्ड उसिकचं, एक फ्युरीचं, एक ११४-११४, म्हणजे मॅच बरोबरीत. म्हणून नववा राउंड पोरांना दाखवताना मी रेफ्री मध्ये येतो तिथेच थांबवतो आणि विचारतो, काउंट द्यायचा का नाही, आणि दर वेळी पोरांमध्ये दोन तट पडतात.

दादा, येत्या रविवारी सकाळी साडेसातला क्लबात लेनर्ड-हॅगलर लावतोय, आवाज पूर्ण बंद करून. बेल झाली की प्रत्येकाने चिठ्ठी लिहायची आणि लगेच डब्यात टाकायची, नंतर बदलायची नाही. तुम्ही पण या, तुमची चिठ्ठी मला बघायचीये.