अभ्यास आमच्या डनेडिनचा, निवाडा मात्र तुमचा

चंद्रपूरची दारूबंदी २०१५ मध्ये आली, २०२१ मध्ये उठली. वाद अजून संपलेला नाही. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मामांनी परवा लिहिलं, 'लहानपणी मनावर ताबा नसलेली पोरंच पुढे व्यसनी होतात, हे न्यूझीलंडमध्ये सिद्ध झालंय. बंदी कशाला? संस्कार द्या.' न्यूझीलंडमधल्या ज्या डनेडिन शहरात मी राहतो, तिथलाच हा दाखला, आणि तो अर्धवट दिलेला पाहून मला राग आला.

इथं १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांचा हा अभ्यास. तीन ते अकरा वर्षांच्या काळात आईवडील, शिक्षक, निरीक्षक, पुढे खुद्द मुलं, सगळ्यांकडून त्यांच्या संयमाची मोजणी झाली. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये निष्कर्ष मांडले : संयम जितका कमी, तितकं बत्तिसाव्या वर्षी व्यसन, पैशांची ओढाताण आणि गुन्हे जास्त. घरची परिस्थिती आणि बुद्ध्यांक बाजूला काढले तरी हा संबंध उरतो. इथवर मामा बरोबर आहेत.

पण संयमी आणि असंयमी अशा दोन जाती त्या अभ्यासात नाहीत. ज्यांचा संयम वयाबरोबर वाढला, त्यांचं पुढे बरं झालं. कमी संयमाची मुलं किशोरवयात सापळ्यांत जास्त अडकली : पंधराव्या वर्षापर्यंत सिगारेट, सुटलेली शाळा, कोवळ्या वयात पालकत्व. पुढच्या नुकसानीचा काही भाग या सापळ्यांमुळे होता. मग सापळे कमी करा म्हणत दारूबंदी मागणाऱ्या बायांना अडाणी का ठरवता?

इथं वूलवर्थ्स या सुपरमार्केटमध्ये बिअर मिळते, व्हिस्की नाही. चेहरा कोवळा दिसला की वयासाठी ओळखपत्र मागतात. त्यात कुणाला आपल्या संस्कारांचा अपमान वाटत नाही. विद्यार्थ्यांच्या वस्तीतल्या कॅसल स्ट्रीटवर रविवारी सकाळी बाटल्यांच्या काचा पडलेल्या असतात, हे मलाही दिसतं. म्हणूनच दारूच्या परवान्यांवर सुनावणी असली की मी कौन्सिलला लिहितो.

'तिकडे बसून शिकवू नको,' असं मामा म्हणाले, ते लागलं. चंद्रपूरच्या मतदारयादीत माझं नाव नाही. इथं मत आहे, पण झोप उडते ती चंद्रपूरच्या मूल रोडवरच्या दारूच्या दुकानांच्या बातम्यांनी. २०१० मध्ये दारूबंदीसाठी बाया चिमूरहून नागपूरला चालत गेल्या, त्यांत माझी ताई होती. तिची दोन्ही मुलं निर्व्यसनी आहेत. ती चालली शेजारच्या घरांसाठी. मामा, तिच्या बाजूनं मी डनेडिनहूनही बोलणार.