चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?

दुपारपासून डोकं ठणकतंय, म्हणून लिहिते. लांबेल. घाई असेल त्यांनी लाइक करून पुढे सरका.

माझ्या डीटीपीच्या, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर जुळवायच्या, दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड बिघडला होता. ईमेल, जीएसटी आणि व्हॉट्सअ‍ॅप, एवढंच काम त्या मशीनला. दुरुस्तीला एका पोराला बोलावलं. त्याने कीबोर्डला हातच लावला नाही. स्क्रीनकडे बघून म्हणाला, "मॅडम, हे भंगारात काढा. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्येच संपला आणि ११ ह्याच्यावर चढणार नाही." का? तर ह्यातला प्रोसेसर सहाव्या पिढीचा, आणि ११ ला आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. मशीन २०१६ चं, एकदाही दगा दिलेला नाही. स्पेसबार अडकते, एवढाच गुन्हा. म्हटलं, बाळा, मी गिरगावातली तिसऱ्या पिढीची आहे, मला अजून कोणी भंगारात काढलेलं नाही.

मग त्याची नजर कोपऱ्यातल्या एक्सपीवर, म्हणजे त्याहून जुन्या विंडोजच्या मशीनवर, गेली आणि तो फिसकन हसला. तिथे बिनसलं.

त्या एक्सपीवर माझं घर चालतं. त्यात पानं मांडायचं सॉफ्टवेअर, पेजमेकर ७, सन २००१ चं. त्यानंतरचं पेजमेकर निघालंच नाही, म्हणजे अपडेटची कटकटच संपली. श्रीलिपीचे मराठी फॉन्ट, मशीनच्या मागे खोचलेलं त्याचं लॉक, ते नसलं की फॉन्ट चालत नाहीत. दसऱ्याला त्या लॉकलाही हळदकुंकू लागतं. लग्नपत्रिका, मंडळाचे अहवाल, दिवाळी अंक, सगळं त्याच्यावर. कुठली आज्ञा कुठल्या मेनूत आहे ते मला विचाराल तर सांगता येणार नाही, बोटांना विचारा. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, दोनदा उडाला, दोन्ही वेळा लॅमिंग्टन रोडवरून आणून बसवला, संध्याकाळी पान पुन्हा समोर. मैत्रीण म्हणते, तुझ्या दुकानाखालून मेट्रो पळते आणि वर तू अजून पेजमेकर! पळू दे की. मी कुठे अडवलंय तिला?

आणि मी कधी बदललंच नाही असं नाही हं. २०१८ मध्ये बदललं होतं. जुन्या मित्रमंडळींना माहितीय, नव्यांसाठी सांगते.

दिवाळी अंक, सोळा-सोळा पानांचे तेरा फॉर्म, म्हणजे २०८ पानं. भाचा म्हणाला, मावशी, नव्या सॉफ्टवेअरवर कर, सगळं युनिकोडमध्ये घे, जमेल गं. जमलं! दिसायला पानं इतकी देखणी की मीच भाळले. प्रूफं आमच्या मुद्रितशोधक काकांना दिली. वय ७६, निवृत्त शिक्षक, डोंबिवलीहून यायचे. त्यांनी पहिल्या कवितेवरच लाल पेन थांबवलं. 'वाऱ्यावर'चं झालं होतं 'वायावर'. मग दिसायलाच लागलं. 'दुसऱ्या'चं 'दुसया', 'वऱ्हाड'चं 'वहाड'. फॉन्ट बदलून देणाऱ्या त्या प्रोग्रॅमने अख्ख्या अंकातला अर्धा र गिळला होता. काका रागावले नाहीत. समासात फक्त दोन शब्द लिहिले: 'वाया गेलं.'

बाहेरच्यांना हे कळत नाही, म्हणून थोडं सांगते. आमचे जुने फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या घरात राहणारी मराठी बिऱ्हाडं. फॉन्ट असेल तर मराठी दिसतं, नसेल तर नुसत्या टोप्या, डॉलर आणि स्वल्पविराम. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा पत्ता. सामान हलवताना ऱ्य आणि ऱ्ह कुठे पडले ते कोणी बघितलंच नाही. वर ल सगळे हिंदी वळणाचे! मराठी ल कसा काढायचा ह्यावर सरकारचा २००९ चा शासन निर्णय आहे म्हणे. कॉम्प्युटरला कोण दाखवणार तो?

हो, युनिकोड चांगलं आहे. ही पोस्टही त्यातच लिहितेय. पुढे चला.

सुरक्षेचं म्हणाल, तर तो पोरगाही तेच सांगत होता, व्हायरस येईल. माझ्या एक्सपीला इंटरनेटची वायर कधी लागलेलीच नाही, व्हायरस काय चर्नी रोडहून चालत येणार? जून २०१७ मध्ये न्हावा-शेव्याचं एक टर्मिनल व्हायरसने ठप्प झालं होतं, आठवतंय? तो व्हायरस निघाला कुठून, तर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! अपडेटमधून!! (पुढे पसरायला त्याला पॅच न मारलेली जुनी मशीनंही कामी आली, हे हळूच मान्य करते. आणि पेनड्राइव्हमधून काहीही येऊ शकतं, हेही.)

मला खरा राग येतो तो भाड्याचा. मुंबईकरांना समजेल अशा भाषेत सांगते. माझं पेजमेकर म्हणजे पागडीची खोली. गळते, जिना मोडका, पण मला कोणी उठवत नाही. आजची सॉफ्टवेअरं म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. अकरा महिने झाले की भाडं वाढणार, नाही भरलं तर तुमच्याच फायली कुलपाआड. आणि परत आलात की फर्निचर हलवलेलं! प्रिंटचं बटण काल डावीकडे होतं, आज तीन ठिपक्यांच्या आत. कोणी मागितलं होतं? एका तरी डीटीपी ऑपरेटरला विचारलं होतं का?

निर्णयसागर छापखाना आमच्या इथलाच, काळबादेवीतला, जावजी दादाजींनी १८६९ मध्ये काढलेला. त्यांच्या टाइपाचं नाव देशभर होतं. त्या खिळ्यांचा, म्हणजे शिशाच्या अक्षरांचा, सपोर्ट संपला म्हणून त्यांच्या खणांची केस फेकून द्या, असं कोणी कधी म्हणालं असेल का?

आता इथे बाबा आठवले आणि सूर जरा खाली आला. बाबा खिळे जुळवायचे. केसमधला कुठला खण कुठल्या अक्षराचा हे डोळे मिटून सांगायचे. मी पहिला कॉम्प्युटर आणला तेव्हा त्यांनीही हेच म्हटलं होतं, "चालतंय ना? मग?" मी ऐकलं नाही. महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मग एक दिवस मागे येऊन उभे राहिले आणि स्क्रीनवरच्या एका ओळीकडे बोट दाखवून म्हणाले, "इथे दोन शब्दांत हवा जास्त आहे." बस्स. हवा कमी केली. म्हणजे बाबांच्या जागी आता मी आहे, माहितीय मला. कॉमेंटमध्ये सांगायची गरज नाही.

पण बाबांचा एकही खिळा शब्दातून आपणहून गळून पडला नव्हता, हे विसरू नका. २०१८ मध्ये काका तीन रात्री बसले. शेवटच्या गाडीने जायचे, दुसऱ्या दिवशी दुपारी परत. २०८ पानं पुन्हा वाचली, एकेक र्‍या हाताने बसवला, पैसे घेतले नाहीत, चहा तेवढा लागायचा. अंक वेळेत गेला. तो 'वाया गेलं'चा कागद मी काचेखाली ठेवलाय. भाचा आला की मुद्दाम त्याला तिथेच बसवते.

असो. पोराला दोनशे रुपये देऊन वाटेला लावलं आणि नवीन कीबोर्ड मीच आणला. दुसरं मशीन बदलावं लागेल बहुतेक, बँकेचं काम आहे त्याच्यावर. दिवाळीनंतर बघू. एक्सपीला कोणी हात लावायचा नाही.

उद्या सकाळी एक पत्रिका छापायला जायची आहे. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय, म्हणजे युनिकोडमधून जुन्या फॉन्टमध्ये, उलट दिशेने तेच संकट. मुलाकडचे कऱ्हाडचे आहेत. 'ऱ्हा' एकदा मोठा करून बघते, मग झोपते.