धर्मकाट्यावर न चढलेले 69 टन

चहाच्या कट्ट्यावर विषय दिन्यानंच काढला. अर्जेंटिनात सापडलेला लांब मानेचा, पाला खाणारा डायनोसॉर सत्तर टनांचा होता, असं कुठंतरी वाचून आला होता. दिन्या धर्मकाट्यावर बसतो. भरलेल्या ट्रकचा (ग्रॉस) आणि रिकाम्याचा (टेअर) असे दोन आकडे हातात आल्याशिवाय तो पावती फाडत नाही.

"हाडं दगड झाली, मांस कोणी पायलं नाही, मंग सत्तर टनाची पावती फाडली कोणं?"

सरांनी कप खाली ठेवला. "पॅटॅगोटायटन म्हणतोयस तू. चुबुत प्रांतातल्या एका फार्मवर 2013 ते 2015 खोदकाम झालं, किमान सहा प्राण्यांची शंभरावर हाडं निघाली, 2017 मध्ये नाव ठेवलं. आकडा 69 टन, आणि त्याच्यापुढं अधिक-उणे 17 लिहिलंय. बातमीवाले नेमकं तेवढंच गाळतात."

"सतरा टन इकडंतिकडं? माह्याकडे पन्नास किलोचा फरक आला तर ड्रायव्हर गच्ची पकडते!"

सर म्हणाले, पावती नाहीच ती, गणित आहे. जमिनीवरच्या चौपायी जनावराचं सगळं वजन दंडाच्या आणि मांडीच्या हाडावर येतं. वजन वाढलं की ही हाडं जाड होतात. जिवंत सस्तन प्राणी आणि सरपटणारे प्राणी, असे दोनशेवर नमुने मोजून 2012 मध्ये एक सूत्र मांडलं गेलं. दंडाचं हाड जिथं सगळ्यात बारीक तिथं त्याचा घेर घ्यायचा, मांडीच्या हाडाचाही तसाच, आणि दोन्हींची बेरीज मिलिमीटरमध्ये लिहायची. तिच्या लॉगला 2.749 नं गुणायचं, त्यातून 1.104 वजा करायचे. अँटिलॉग काढला की वजन ग्रॅममध्ये.

स्वातीनं दिन्याच्या पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर मांडलं. दंड 785, मांडी 1,010, बेरीज 1,795. लॉग 3.254. गुणाकार 8.945. वजाबाकी 7.841. मोबाइलवर अँटिलॉग घेतला तर सुमारे 6.94 कोटी ग्रॅम.

"69 टन," ती म्हणाली. "घ्या."

दिन्या गप्प झाला, पण पटल्यामुळे नव्हे. त्यानं इस्माईलभाईंकडून सुतळी मागून घेतली आणि कट्ट्यामागच्या कडुनिंबाला गुंडाळली. 1 मीटर 12 सेंटिमीटर. म्हणजे ते मांडीचं हाड या खोडापेक्षा थोडंसंच बारीक, आणि लांबी जवळपास 2.4 मीटर. मग त्यानं सुतळीची एक बाजू जराशी वर सरकवून पुन्हा मोजलं. 1 मीटर 17.

"पाय बे. हात तिरपा झाला, पाच सेंटिमीटर वाढले. मांड आता."

स्वातीनं 1,795 च्या जागी 1,845 घातले. वजन साडेपाच टनांच्या आसपास वाढलं. सुतळीच्या तिरपेपणात एक आख्खा हत्ती बसला. 2.749 हा घातांक असल्यानं घेरात एक टक्का चुकलं की वजनात पावणेतीन टक्के चुकतं. म्हणून टेप हाडाच्या अक्षाला काटकोनातच धरावी लागते, आणि सगळ्यात बारीक जागा सापडेपर्यंत वर-खाली सरकवत दोन-चारदा मोजावं लागतं.

"टेप धरणारा चुकला तर दुसरा मोजेल," सर म्हणाले. "हाडच बदललेलं असेल तर काय करणार? कोट्यवधी वर्षं मातीच्या थराखाली दबून ते चपटं होतं. भेगा पडतात, भेगांत खनिज भरतं, हाड फुगतं. दंड एका जनावराचा आणि मांडी दुसऱ्याची, असंही होतं. आणि मूळ अडचण वेगळीच आहे. आज जमिनीवर सगळ्यात जड आफ्रिकी हत्ती, सहा-सात टन. सूत्र तिथवरच तपासलेलं. पुढं दहापट आपण रेघ ओढत नेतो."

इथं इस्माईलभाई मध्ये पडले. ते पीओपीचे ठेकेदार. वजनापेक्षा एवढं हाड न मोडता जमिनीतून वर कसं येतं यातच त्यांना रस होता. सरांनी सांगितलं: हाडाभोवती चर खणून ते मातीच्या चबुतऱ्यावर उभं ठेवायचं. वरून ओला टिश्यू पेपर किंवा फॉइल. त्यावर गोणपाटाच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये भिजवून आडव्या-उभ्या, थरावर थर. मोठ्या हाडाला लाकडी फळ्या आत बांधून घ्यायच्या. सुकल्यावर खालून माती कोरायची, उलटवायचं, उघड्या बाजूलाही तसंच प्लास्टर.

"कागद विसरला तर?"

"प्लास्टर हाडाला धरतं. प्रयोगशाळेत सोलताना वरचा पापुद्रा घेऊनच निघतं."

"आणि खालून कमी कोरलं तर उलटवताना हाड खालीच राह्यते, हातात नुसतं टोपरं," इस्माईलभाई म्हणाले. "जास्त कोरलं तर मधात मोडते. साच्याचं असंच राह्यते." या एका मुद्द्यावर कट्ट्याचं एकमत झालं. पॅटॅगोटायटनच्या वेळी असली प्लास्टरची धुडं बाहेर काढण्यासाठी आधी रस्ता करावा लागला होता.

स्वातीला मात्र दोन हाडांवरून वजन काढणंच मान्य नव्हतं. तिचं काम थ्रीडी स्कॅनिंगचं. "सर, दोन खांबांच्या जाडीवरून इमारतीचं वजन सांगायचं? सांगाडा उभा करा, स्कॅन करा, भोवती कातडी ताणल्यासारखं कवच बसवा. त्याचं घनफळ काढा, मांसासाठी वीसेक टक्के वाढवा, घनतेनं गुणा. तेच पॅटॅगोटायटन 2020 मध्ये असं मोजलं तर 57 टनांच्या आसपास आलं."

"आणि घनता कुठून आणलीस?" सरांनी तिला बरोबर पकडलं. या जनावरांच्या मानेचे मणके पोकळ, हवेच्या पिशव्यांनी भरलेले. पाण्याइतकी घनता धरली तर वजन फुगतं, 0.8 धरली तर पाचवा हिस्सा कमी होतो. मान, धड, शेपूट यांना वेगवेगळी घनता लावावी लागते. शिवाय सांगाड्यातले न सापडलेले मणके नातेवाईक जातींवरून भरलेले असतात. बरगड्या किती फाकवून बसवल्या यावर पोट ठरतं, आणि पाला आंबवणाऱ्या जनावराचं निम्मं गाडं पोटातच.

"तरी माझ्या पद्धतीनं थापा पकडल्या जातात," स्वाती म्हणाली. ते खरंच आहे. ड्रेडनॉटस हा अर्जेंटिनाच्याच सांता क्रूझ प्रांतातला. 2014 मध्ये हाडांच्या सूत्रावरून त्याचे 59.3 टन जाहीर झाले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटानं कवच बसवून पाहिलं. एवढं वजन व्हायला सांगाड्याभोवती न शोभेल इतकं मांस लावावं लागत होतं. त्यांनी मर्यादा सांगितली 22 ते 38 टन. विनोद असा की त्या जनावराची हाडं कापून पाहिली तर ते मेलं तेव्हा अजून वाढतच होतं.

"मंग माह्या हिशेबानं पावती अशी फाडा," दिन्या म्हणाला. "ग्रॉस चाळीस ते सत्तर, टेअर माहीत नाही, काटा बंद."

"चाळीस कशाला, पन्नासच्या खाली नको," सर म्हणाले, आणि त्यावर आणखी एक चहा झाला.

मग दिन्यानं आपल्याकडच्याची पावती मागितली. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ डोंगरगाव आहे. 1980 च्या दशकात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी तिथून एक लांब मानेचा डायनोसॉर काढला. 1997 मध्ये त्याचं वर्णन छापलं, 2003 मध्ये त्याच संस्थेच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं इसिसॉरस. पुढचे पाय लांब, मान या कुळातल्या इतरांपेक्षा आखूड. दंडाचं हाड 1.48 मीटर. जवळच्याच पिसदुऱ्याला जी दगड झालेली शेणं मिळतात ती याच कुळातल्यांची मानतात. 2005 मध्ये त्यांत गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतं ही समजूत मोडली.

"दंड आहे ना? लाव सूत्र," दिन्या म्हणाला.

"मांडी कुठून आणू?" स्वाती म्हणाली. "मणके आहेत, बरगड्या आहेत, कंबर आहे, पुढचा पाय आहे. मागचे पाय नाहीत, पंजे नाहीत, डोकं नाही."

सूत्राला दोन्ही घेर लागतात. कवच बसवायचं तर मागची बाजू दुसऱ्याची उसनी घ्यावी लागते, आणि उसनी कोणाची घेतली त्यावर आकडा हलतो.

दिन्यानं सुतळी इस्माईलभाईंना परत दिली. "स्टॅटिस्टिकलवाल्यायनं काढला, अन् त्याचाच आकडा नाही?"

"माझ्याकडे एक मजूर आहे वरोऱ्याचा," इस्माईलभाई सुतळी गुंडाळत म्हणाले. "मागचे पाय तिथंच खाली असतील काय, सर?"