वेबसाइट ऑफिसातच बनवायची? मग आधी ती सांभाळणार कोण ते ठरवा

मकरपुरा, वाघोडिया, सावली. आपल्या बडोद्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या कंपन्यांत हल्ली एकच चर्चा असते. वेबसाइट आपली आपणच करायची, पण तयार साधनांतलं वर्डप्रेस घ्यायचं, विक्स घ्यायचं, की भाचा म्हणतोय ते कोड लिहून करायचं रिअॅक्ट? माझं म्हणणं असं की टूल नंतर बघू. दोन वर्षांनी नवा व्हॉल्व्ह आला की त्याचं पान कोण टाकणार, हे आधी सांगा. अकाउंट्सवाल्या ताई, की डिस्पॅच बघणारा मुलगा? त्यांना जे झेपेल तेच टूल घ्या. भाचा तोवर कॅनडात पोचलेला असतो.

पंधरा-वीस पानं, महिन्यातून एखादा बदल आणि चौकशीचा एक फॉर्म, एवढ्या कामाला साधं वर्डप्रेस पुरतं. साधं म्हणजे खरंच साधं. डिसेंबर २०१८ च्या ५.० आवृत्तीपासून ब्लॉक एडिटर त्यातच येतो. रकाने, तक्ते, फोटो, बटणं सगळं त्यात होतं. तरी लोक हौसेनं वर पेज बिल्डर, म्हणजे पान मांडायचं वेगळं जोड-साधन, चढवतात. पुढे तो बंद केला की मांडणी विस्कटते, आणि काही बिल्डर तर पानभर चौकटी कंसांतले शॉर्टकोड, म्हणजे त्याच्या खुणेचे शब्द, मागे ठेवून जातात. प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचे छोटे प्रोग्राम) मोजके ठेवा आणि अपडेट करत राहा, कारण चोर बहुतेक वेळा जुन्या प्लगिनमधूनच आत शिरतो. ‘फुकटात मिळालेली प्रीमियम थीम’, म्हणजे चोरीचा तयार साचा, बसवणाऱ्याला तर कोपरापासून नमस्कार. बॅकअप त्याच सर्व्हरवर पडून असेल तर सर्व्हर गेला की तोही गेला. तो गूगल ड्राइव्हवर जाऊ द्या, आणि एकदा तरी रिकाम्या जागी रिस्टोअर करून बघा.

विक्स पाच पानांना वाईट नाही, अपडेटची कटकट नसते. पण तिथली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. सोडायचं ठरलं की पानं नव्यानं बांधा.

ह्यूगोसारख्या साधनानं आधीच तयार करून ठेवलेल्या पानांची स्टॅटिक साइट मला मनापासून आवडते. डेटाबेस नाही, सर्व्हरवर चालणारी पीएचपी भाषा नाही, क्लाउडफ्लेअर पेजेस या होस्टिंगवर फुकट चालते. फक्त गिट (बदलांची नोंद ठेवणारं साधन) येणारा माणूस ऑफिसात टिकायला हवा. ह्यूगोची आवृत्ती लिहून ठेवा, कारण ह्यूगो नवं आणि थीम जुनी झाली की बिल्ड, म्हणजे पानं तयार होणं, अडतं. अॅस्ट्रो किंवा नेक्स्ट ही जावास्क्रिप्टची साधनं घेतलीत तर ती ज्यावर चालतात त्या नोडची आवृत्ती आणि पॅकेजांच्या आवृत्त्यांची लॉक फाइल दोन्ही जपा. नाहीतर दोन वर्षांनी एक फोन नंबर बदलायचा असतो आणि अर्धा दिवस पॅकेजं जुळवण्यात जातो. पंपाच्या कॅटलॉगसाठी हा खटाटोप मला तरी पटत नाही.

आता मेल. साइट नवी झाली आणि ऑर्डरी यायच्या थांबल्या, असं झालं की कारण बहुधा इथे सापडतं. नवं होस्टिंग सांगतं ‘नेमसर्व्हर बदला’, आपण बदलतो. नेमसर्व्हर म्हणजे डोमेनच्या नोंदींची वही, म्हणजे डीएनएस, सांभाळणारा सर्व्हर. तो बदलला की जुन्या डीएनएसमधली मेल कुठे यायचा ते सांगणारी एमएक्स आणि तो खरा आहे हे दाखवणारी एसपीएफ, डीकेआयएमची नोंद मागेच राहते. मेल बंद! जमेल तिथे नेमसर्व्हरला हात न लावता फक्त ए रेकॉर्ड, म्हणजे साइट कुठे आहे ती नोंद, नव्या सर्व्हरकडे वळवा. आदल्या दिवशी त्याचा टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरांनी किती वेळ धरून ठेवायची ती मुदत, ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे गडबड झाली तर परत फिरायला दिवस जात नाही. नेमसर्व्हर बदलावेच लागले तर सगळ्या नोंदी आधी नव्या ठिकाणी भरा, मग बदला. आणि एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच. मेलवाल्यांची एक आणि होस्टिंगवाल्यांची दुसरी अशा दोन टाकल्या की तपासणीच फसते. दोघांचे पत्ते एकाच ओळीत जोडा.

फॉर्मचंही तेच. चौकशी करणाऱ्याचा जीमेल पत्ता ‘फ्रॉम’मध्ये घालून मेल पाठवला तर तो जीमेलच्या सर्व्हरवरून निघालेला नसतो, म्हणून स्पॅममध्ये पडतो किंवा परत येतो. ‘फ्रॉम’ला कंपनीचाच पत्ता ठेवा, ग्राहकाचा ‘रिप्लाय-टू’मध्ये. पाठवणं एसएमटीपी (खऱ्या मेलखात्यातून पाठवणाऱ्या) प्लगिनमधून, पोर्ट ५८७. शिवाय प्रत्येक चौकशी डेटाबेसमध्येही साठू द्या. मेल हरवला तरी ग्राहकाचा नंबर हाती राहतो.

डोमेन कंपनीच्या नावावर हवं, डिझायनरच्या नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्याच्या, खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल लावलेला असतो. मुदत संपली की डोमेन बंद, मेल बंद, आणि पासवर्ड बदलण्याची लिंक त्याच बंद पेटीत. तिथे वेगळा पत्ता द्या, आणि त्याचा पासवर्ड दोघांकडे असू द्या.

फोटो मोबाइलमधून जसेच्या तसे चढवू नका. चार-पाच एमबीचा फोटो १६०० पिक्सेल रुंदीचा करून वेबपी या फाइल-प्रकारात काढला की साधारण दोनशे केबीत बसतो. मापांचा तक्ता कॅटलॉगमधून फोटो काढून लावू नका. खरेदीवाला ‘डीएन ५० पीएन १६’ असं माप आणि दाब लिहून शोधत येतो, त्याला मजकूर सापडायला हवा. तक्ता तक्ता म्हणूनच टाका आणि मोबाइलवर आडवा सरकतो का ते बघा. गुजराती माहितीपत्रक छापखान्यातून आलं असेल तर ते जुन्या फॉन्टमध्ये असण्याची दाट शक्यता. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर पानावर नुसता कचरा उमटतो. जुनी साइट असेल तर प्रत्येक जुन्या पानाचा पत्ता नव्या पानाकडे ३०१ ने, म्हणजे ‘पान कायमचं हललं’ या खुणेनं, वळवा. सगळे मिळून होमपेजवर ढकलू नका.

आणि प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांनो, २०१४ च्या कंपनी इन्कॉर्पोरेशन नियमांतला नियम २६ बघा. होमपेजवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन (कंपनीचा नोंदणी क्रमांक), फोन, ईमेल आणि तक्रारीसाठी कोणाला भेटायचं त्याचं नाव द्यावं लागतं. नाव म्हणजे माणसाचं नाव. तिथे ‘ॲडमिन’ लिहून भागत नाही.